कलंदर गाडीचे पडदे

माझा धंदा काय होता असं कुणी विचारलं की मी सांगते, मी मोटारींचे कपडे शिवायचे. ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारी थट्टा करून राहिलीय. आताच्या मोटारी पत्र्याच्या डब्यासारख्या बंद येतात, त्यांना कपडे कशाला? पण एके काळी मोटारीला टांग्यासारखा कापडी टप असायचा, बाजूंना पडदे, आत गाद्या, आणि हे सगळं कुणीतरी दाभणानं शिवावं लागायचं. उज्जैनमध्ये ते मी शिवायचे. या कामात दुसरी बाई नव्हती. पुरुषही फार नव्हते.

या अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, टप आता कुणाला शिवायचेत? ते म्हणाले, म्हणूनच लिहा. तेव्हा लिहिते. पण सगळ्या गाड्यांचं नाही लिहीत. एका गाडीचं सांगायचंय, जे मी आजवर कुणाला बोलले नाही. ज्यांच्या जिवाला त्यानं घोर लागला असता ती माणसं आता राहिली नाहीत.

आमचं घराणं संस्थानच्या फर्राशखान्यातलं, म्हणजे डेरे, तंबू, कनाती सांभाळणाऱ्या खात्यातलं. पूर्वज कधीतरी फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. देवास गेटपाशी आमच्या घरात मराठी, ओट्यावर हिंदी, आणि दाभण बोटात गेलं की दोन्ही. माझ्या वडिलांना, नानांना, मुलगा नव्हता. त्यांनी मला शिकवलं. दोऱ्याला मेण कसं लावायचं, जाड ताडपत्रीला पाणी धरणार नाही अशी शिवण कशी घालायची, तळहाताला चामड्याची पट्टी बांधून दाभण कसं रेटायचं. लग्न झालं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि कंटाळवाणी आहे.

फ्रीगंजमध्ये एका पारशी शेठनं कॅल्डर मोटारींची एजन्सी उघडली तेव्हा नानांना टपाचं काम मिळालं. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले आणि काम माझ्याकडे आलं. कॅल्डर ही विलायती गाडी. आमच्याकडच्या जिभेवर ते नाव बसेना, म्हणून ती झाली कलंदर. कलंदर आली, कलंदर गेली. एजन्सीचा इब्राहिम मिस्त्रीसुद्धा तिला कलंदरच म्हणायचा, फक्त शेठसमोर नाव नीट घ्यायचा.

ती इथं का चालली ते सांगते. माळव्याची काळी माती पावसात डिंकासारखी होते. दुसऱ्या गाड्या पोटापर्यंत रुतायच्या आणि बैल जोडून ओढाव्या लागायच्या. कलंदर उंच चाकांची, इंजिन हळू पण हट्टी. ती चिखलातून हत्तीसारखी निघायची. त्यामुळं आसपासच्या जागीरदारांत, ठाकुरांत, महंतांत तिचं नाव झालं. दुसरं कारण म्हणजे तिची मागची बैठक. ती खूप लांब होती आणि ड्रायव्हरपासून लाकडी फळीनं वेगळी केलेली. पडद्यातल्या बायकांसाठी मुद्दाम बनवल्यासारखी. विलायतेत अशी गाडी कशाला लागते, असं मी एकदा शेठना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, तिकडे या लांब गाडीतून प्रेतं नेतात, पेटी आडवी मावते म्हणून. आणि म्हणाले, वत्सलाबाई, हे गिऱ्हाइकांना सांगायचं नाही हं. मी कधी सांगितलं नाही. पण त्या बैठकीत माप घ्यायला शिरले की मला ते आठवायचंच.

गिऱ्हाइकं एकेक होती. एका महंतांना टप भगवाच हवा होता. मी सांगितलं, या कापडावर हा रंग टिकणार नाही. ऐकेनात. पहिल्या मोठ्या पावसात रंग गळून ते स्वतः, त्यांचे दोन चेले आणि आतली फळांची टोपली सगळं केशरी झालं, आणि भक्तांनी त्याला कृपा म्हटलं. माधव नगरात एक वकील होते, त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि ड्रायव्हर ठेवायची इच्छा नव्हती. रोज कोट घालून ते दाराशी उभ्या गाडीत जाऊन बसायचे, टप खाली करायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याचा नमस्कार घ्यायचे आणि उतरून घरात जेवायला जायचे. त्यांच्या टपाची घडी मी दरवर्षी दुरुस्त करायची, कारण गाडी हलली नाही तरी टप रोज हलायचा.

पडद्यांचं काम मात्र गंमतीचं नव्हतं, ते अवघड होतं. पडदा असा हवा की आतून बाहेरचं दिसावं आणि बाहेरून आतलं काही दिसू नये. त्यासाठी दोन कापडं लागतात. आत बारीक जाळी, बाहेर जाड रेशीम, आणि रेशमाच्या चुण्या अशा घालायच्या की बसणारीच्या डोळ्यांसमोर जरा फट राहील. वाऱ्यानं उडू नये म्हणून खालच्या काठात शिशाचे मणी शिवायचे. फट कुठं सोडायची हे बसणारीच्या उंचीवर ठरतं. म्हणून ती बसलेली असतानाच माप घ्यावं लागतं, आणि ते पुरुषाला जमण्यासारखं नाही. एजन्सीला माझी गरज होती ती यासाठी.

माजीसाहेबांना मी पहिल्यांदा भेटले ती अशीच. एका ठिकाणाच्या, म्हणजे जागिरीच्या, थोरल्या ठाकुरांची ही विधवा; अशा विधवेला तिकडे माजीसाहेब म्हणतात. ठिकाणाचं नाव लिहीत नाही. देवास रोडला त्यांची कोठी होती आणि त्या तिथं दोन म्हाताऱ्या दासींबरोबर राहायच्या. दर सोमवारी त्यांची कलंदर निघायची. माधव नगर, फ्रीगंज, मग रूळ ओलांडून देवास गेट, गावातून घाटापर्यंत. घाटावर गाडी उभी राहायची, माजीसाहेब आतूनच नदीला हात जोडायच्या आणि गाडी परत फिरायची. खाली उतरायची रीत नव्हती. ड्रायव्हर भेरूसिंह, साफा बांधलेला, मिशा पांढऱ्या. त्या त्याच्याशी बोलायच्या नाहीत. मधल्या फळीवर अंगठीनं ठोकायच्या. एकदा ठोकलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

मी दार उघडून आत शिरले तेव्हा उन्हातून आल्यामुळं मला काहीच दिसेना. कापराचा वास होता. मी खाली बसून हातानंच माप घ्यायला लागले.

"पैदल आई हो?" आवाज आला. आवाज म्हातारा नव्हता.

मी म्हटलं, "जी हुकुम, देवास गेट से." त्या घराण्यांत मोठ्या माणसाला हुकुम म्हणतात.

"अकेली?"

"जी."

"रास्ते में किसी ने पूछा नहीं, कहाँ जा रही हो?"

मी सांगितलं, कुणी नाही, कोण विचारणार. मग त्यांनी विचारलं की चालताना पाय दुखले तर माणूस काय करतं. मला हसू येत होतं, पण विचारणं थट्टेचं नव्हतं.

"बैठ जाता है, हुकुम," मी म्हटलं. "कहीं भी."

"कहीं भी," त्या म्हणाल्या.

नंतर पडदे बदलायला मी अनेकदा गेले. दर वेळी त्या असंच काही विचारायच्या. फ्रीगंजच्या दुकानात चढायला पायऱ्या आहेत का? पावसात चप्पल हातात घेऊन चालतात का? चेहरा मी कधी पाहिला नाही. आत अंधार, त्यात ओढणी. तो इतर जगालाही ठाऊक नव्हता.

स्वातंत्र्य आलं, संस्थान गेलं, मध्यभारत झालं. इब्राहिम मिस्त्री गाड्यांच्या नंबराच्या पाट्या खरवडून नव्या अक्षरांत रंगवत बसला. आधी आम्हाला वाटलं, पाट्याच तेवढ्या बदलल्या. मग जागिरी गेल्या. ठाकुरांच्या गाड्या गोठ्यात उभ्या राहिल्या आणि मी शिवलेल्या गाद्यांवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या. नेमकं त्याच वेळी कलंदरच्या कंपनीला तिकडे विलायतेत अवदसा आठवली. उंच गाडी सोडून त्यांनी पत्र्याच्या छताची बुटकी गाडी काढली. शेठनं एकच मागवली. ती चैत्रातच वाफा सोडायला लागली आणि आत बसणारा भाजून निघायचा. पुढं परदेशी गाड्या येणं बंदच झालं, आणि एक दिवस शेठना विलायतेहून कळलं की कॅल्डर कंपनीच बंद पडली. कारखान्याला कुलूप लागलं, साचे मोडीत गेले. शेठ मला म्हणाले, आपण आता मेलेल्या माणसाचे वारस. काही महिन्यांत एजन्सी मिटवून ते मुंबईला मुलीकडे गेले.

इब्राहिमनं देवास गेटपाशी एक लहान गॅरेज टाकलं आणि त्याच्या शेजारच्या गाळ्यात मी आणि नाना. मी आता खाटांच्या नवारी, शाळेची दप्तरं, सायकलींच्या सीटा शिवत होते. सुटे भाग कुठून मिळणार? इब्राहिम मेलेल्या कलंदरमधून काढून जित्या कलंदरमध्ये घालायचा. एका गाडीचं इंजिन त्यानं अशाच दुसऱ्या गाडीत बसवलं. ती गाडी नव्या मालकाकडे उत्तम चालायची, पण जुन्या मालकाच्या फाटकासमोर बंद पडायची. तीन-चार वेळा त्याला तिथं जाऊन ती सुरू करावी लागली. मी म्हटलं, तिथं चढ आहे. तो म्हणाला, बाई, चढ नहीं है, मैं देख के आया हूँ.

हळूहळू गावात एकच चालती कलंदर राहिली. माजीसाहेबांची.

सोमवारी ती आमच्या दुकानावरून जायची. नाना तेव्हा दारात स्टुलावर बसलेले असायचे. गाडी दिसली की ते काठी टेकून उठायचे आणि कमरेत वाकून मुजरा करायचे. रस्त्यावरची जुनी माणसंही थांबायची. जागिरी गेल्यावर खरं तर कुणी वाकायचं कारण नव्हतं. पण तो पडदा समोरून गेला की मान आपोआप खाली जायची.

एकदा भेरूसिंह जुने पडदे काढून माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, ऊन लागून विरलेत, नवे करा. तो गेल्यावर मी ते उलगडून पाहिले आणि माझे हात थांबले. आता हे बाहेरच्याला समजणार नाही म्हणून सांगते. पडदा विरतो तो दोन जागी. उन्हानं वरून, आणि बोटांनी फटीपाशी. बसणारी कितीही राजघराण्यातली असो, फट सारून बघतेच. तिथं बोटांचा तेलकट काळा डाग पडतो, जाळी ताणली जाते. माजीसाहेबांचे पडदे तर नेहमी तिथंच आधी फाटायचे. हे पडदे उन्हानं पांढरे पडले होते, आणि फटीपाशी नव्यासारखे कोरे होते. वर्षभर त्यांना कुणी हात लावला नव्हता.

मी नानांना काही बोलले नाही. मापासाठी कोठीवर गेले. गाडी निंबाच्या सावलीत उभी होती, पडद्यांच्या जागी जाड चादरी लावलेल्या. भेरूसिंह म्हणाला, "माजीसाहब बिराजी हैं. ज़रा धीरे से."

मी आत शिरून दार ओढून घेतलं. खम्मा हुकुम, असा तिकडच्या रीतीनं नमस्कार केला. उत्तर आलं नाही. कापराचा वास होता. मी खाली बसले आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबले. मग दिसायला लागलं. बैठक, तक्क्या, पायाशी चौरंग. माणूस नव्हतं.

मला भीती वाटली ती रिकाम्या जागेची नाही. बाहेर भेरूसिंह खाकरला, आणि मग फळीपलीकडून अदबीनं म्हणाला, "हुकुम, कपड़ा वही रंग का रखें?" तो मला विचारत नव्हता. विचारून तो थांबला, जितकं थांबायला हवं तितकं, आणि "जी," म्हणाला.

मी जुन्या मापानंच काम करायचं ठरवलं आणि बाहेर आले. तो दुसरीकडे बघत होता. "माप हो गया," मी म्हटलं. तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि एवढा मोठा माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

नवे पडदे लावून झाल्यावर त्यानंच सगळं सांगितलं. एका सोमवारी घाटावर गर्दी होती. माजीसाहेब दासीच्या साध्या लुगड्यात होत्या, हे त्याला त्या उतरल्यावर कळलं. त्याच्याशी त्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, भेरूसिंह, मैं ज़रा पैदल जाऊँगी, तुम गाड़ी फिराते रहना. कोई पूछे तो मैं बैठी हूँ. त्या पायऱ्यांवरून खाली गेल्या आणि गर्दीत मिसळल्या. त्यानं ऊन कलेपर्यंत वाट पाहिली, मग गाडी कोठीवर आणली. दासींनी काही विचारलं नाही, ताट वाढलं, पडद्याआड नेऊन ठेवलं आणि नंतर उचललं. तेव्हापासून असंच चाललं होतं.

"किसी को बताया क्यों नहीं?" मी विचारलं.

"क्या बताऊँ, बाई? मुँह किसी ने देखा नहीं, ढूँढेंगे किसको? कहेंगे भेरूसिंह ने मार के नदी में डाल दिया." तो बराच वेळ साफ्याचं टोक नीट करत राहिला. मग म्हणाला, "और हुकुम तो यही था. फिराते रहना."

त्या बुडाल्या, की चालत कुठं गेल्या, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही आजवर कळलेलं नाही. मी पुढं बरीच वर्षं यात्रेच्या दिवसांत घाटावर पायऱ्यांवर बसलेल्या बायकांचे आवाज ऐकत फिरायची. चेहरा ठाऊक नसलेल्या माणसाला शोधायचं तर दुसरं काय करणार?

त्याच सुमारास माजीसाहेबांचे पुतणे कोठीवर राहायला आले. यांना कुँवरसाहेब म्हणायचे. शिकलेले, शांत, चेहरा ओढलेला. जागीर गेल्यावर गावाकडची गढी सोडून आले होते. चाचीसाहेबांना भेटायचं म्हणून ते रोज जनान्याच्या दाराशी निरोप पाठवायचे आणि दासी सांगायच्या, पूजेत आहेत, तब्येत नाही. शेवटी ते भेरूसिंहला म्हणाले, सोमवारी मी घाटावर येतो, गाडीपाशी उभा राहून दोन शब्द बोलेन, त्यांनी फळी ठोकून हो-नाही सांगावं, एवढं पुरे.

भेरूसिंह माझ्याकडे आला. त्याला काय हवंय हे त्यानं तोंडानं सांगितलं नाही. मी म्हटलं, मी बसते. त्याची मान वाचावी म्हणून म्हटलं हे खरं आहे. पण इतकी वर्षं ते पडदे शिवून मी कधी त्यातून गाव पाहिलं नव्हतं, हेही खरं.

नानांना सांगितलं, फ्रीगंजला कामाला जाते. कोठीवर दासींनी मला मागच्या दारानं नेऊन गाडीत बसवलं. मी डावीकडे बसले. उजवी बाजू माजीसाहेबांची, तिथं बसवेना.

गाडी निघाली. बाहेरचं सगळं स्पष्ट दिसत होतं. माधव नगरातले वकील दारातल्या त्यांच्या गाडीत बसले होते, त्यांनी टोपी काढली. फ्रीगंजमध्ये ज्या कापडवाल्याशी मी सकाळीच भांडले होते तो गादीवरून उठून उभा राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणालाही मी दिसत नव्हते. मला वाटायला लागलं की मी ओरडले तरी ऐकू जाणार नाही. मी हात पुढं करून फट सारली. बोटं आपोआप तिथं गेली, जिथं त्यांची जायची.

देवास गेटला नाना दारात होते. त्यांनी गाडी पाहिली, काठीवर भार देऊन उठले आणि वाकले. त्यांची कंबर दुखायची, घरात वाकून लोटा उचलता येत नसे. ते वाकून राहिले, गाडी पुढं जाईपर्यंत. मी तोंडावर पदर दाबून धरला. ते कुणाला वाकले हे मी त्यांना त्यांच्या अखेरीपर्यंत सांगितलं नाही.

घाटावर कुँवरसाहेब आधीच येऊन उभे होते. भेरूसिंह उतरून लांब जाऊन उभा राहिला. ते पडद्याच्या अगदी जवळ आले, इतके की त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. त्यांनी हात जोडले.

"चाचीसाहब, आप कुशल हैं?"

माझ्या बोटात अंगुस्तान होतं, शिवताना बोटाला घालतात ती टोपी. मी फळीवर एकदा ठोकलं.

त्यांनी मान हलवली. मग आजूबाजूला पाहिलं आणि आवाज उतरवला. "चाचीसाहब की अँगूठी की आवाज़ मैं बचपन से जानता हूँ," ते म्हणाले. "ये वो नहीं है."

त्यांनी पडद्याला हात लावला असता तर सगळंच संपलं असतं, भेरूसिंहचं आणि माझं. त्यांनी हात लावला नाही.

"आप जो भी हों, बैठी रहिए," ते म्हणाले. "अपनों में अब यही एक चीज़ है जिसके आगे लोग खड़े होते हैं. मुझे जान के क्या करना है?" ते वळले, आणि जाता जाता मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खम्मा, चाचीसाहब."

त्यानंतर मी जमेल तेव्हा सोमवारी बसायला लागले. कधी नसले तर गाडी रिकामी जायची. काही फरक पडत नव्हता. पण एक गोष्ट लिहायची म्हणून लिहिते, कुणी विश्वास ठेवावा असं नाही. बैठकीची गादी दबून गेली होती म्हणून मी ती उसवून नव्यानं भरली. गादीत घोड्याचे केस असतात. नवे केस ताठ असतात, त्यावर खोलगा पडायला रोज बसणारं माणूस लागतं, आणि तेही महिनोन्‌महिने. मी नेहमी डावीकडे बसायची. डावी बाजू तशीच ताठ राहिली. पावसाळ्यानंतर मी सहज हात फिरवला तर उजवीकडे खोलगा होता. एका बाईच्या मापाचा, नीट, जुना असावा तसा. मी भेरूसिंहला विचारलं, तिथं कुणी बसतं का? तो म्हणाला, "माजीसाहब बैठती हैं, और कौन?" त्याला वेड लागलं होतं असं मी म्हणणार नाही. बाकी सगळ्या बाबतींत तो माझ्यापेक्षा शहाणा होता.

छप्पन साली मध्यभारतही गेलं, मध्यप्रदेश झाला. इब्राहिमनं त्या एकाच कलंदरची पाटी पुन्हा रंगवली. रंग नीट वाळलाही नसेल, एका सोमवारी नानांना बरं नव्हतं म्हणून मी गेले नव्हते, आणि दुपारी निरोप आला की देवास रोडवर कोठीच्या अलीकडे गाडी बसली. मी आणि इब्राहिम टांग्यानं गेलो. मागच्या चाकांचा आस तुटला होता. इब्राहिम खाली शिरला, बराच वेळ बाहेर आला नाही. आल्यावर हात पुसत म्हणाला, "ये पुर्ज़ा अब पूरे हिंदुस्तान में नहीं है. बनाने वाला ही नहीं रहा." भेरूसिंह बॉनेटवर तळहात ठेवून उभा होता, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

रस्त्यावर माणसं जमली होती. शेतातून आलेली, सायकलवाली, एक पोलीसही होता. सगळे अंतर राखून उभे, कारण आत माजीसाहेब होत्या. कुजबुज चालू झाली की उन्हात किती वेळ बसतील, काहीतरी करायला हवं. पोलीस गाडीकडे दोन पावलं आला. तेवढ्यात कोठीकडून कुँवरसाहेब पायी येताना दिसले.

त्यांनी तुटलेला आस पाहिला, गर्दी पाहिली, पडदा पाहिला. मग त्यांनी निरोप धाडून दासींना कोठीतून कनात घेऊन बोलावलं. जनान्यातल्या बाईला रस्त्यावर उतरावं लागलं तर दोन्ही बाजूंना उभं कापड धरतात आणि मधून ती चालत जाते, ती ही कनात. धरणाऱ्या बायकाच लागतात, चार. कोठीवर दासी दोन, आणि माळ्याची बायको तिसरी. कुँवरसाहेबांची नजर माझ्यावर आली.

"आप आइए," ते म्हणाले. फार ओळखीच्या माणसाला म्हणावं तसं म्हणाले.

मी माझा कोपरा धरला. पुरुषांनी पाठ फिरवली, पोलिसानंही. भेरूसिंहनं दार उघडलं, खाली वाकला आणि हाताचा आधार पुढं केला. आम्ही थांबलो. वयस्क बाईला गाडीतून उतरायला लागतो तेवढा वेळ गेला. भेरूसिंहचा हात जरा खाली झुकला आणि पुन्हा वर आला. मग पुढची थोरली दासी चालायला लागली आणि आम्ही तिघी तिच्या चालीनं. कनात धरणारीनं आत बघायचं नसतं. मी समोर फाटकाकडे पाहत होते. फाटक फार लांब नव्हतं, तरी आम्हाला पुष्कळ वेळ लागला, कारण कुणीच भराभर चालत नव्हतं, आणि मध्येच एकदा आम्ही सगळ्या एकाच वेळी थांबलो, कुणी न सांगता, पाय दुखल्यावर कुणी थांबावं तशा.

वारा नव्हता. हे मी टप शिवणारी म्हणून सांगते. वाऱ्यानं कापड सगळीकडून फुगतं. माझ्या हाताशी ते एकाच जागी फुगलं, कोपराच्या उंचीवर, आतून कुणी क्षणभर टेकल्यासारखं, आणि सुटलं. मग आम्ही पुन्हा चालायला लागलो.

फाटकाच्या आत गेल्यावर दासींनी कनात गुंडाळायला घेतली. कुँवरसाहेब फाटकाशी उभे होते. गर्दी अजून पाठमोरीच होती. त्यांनी मला हळूच विचारलं, "पहुँच गईं?"

"जी," मी म्हटलं. "पहुँच गईं."

रस्त्यावर भेरूसिंहनं तेव्हा गाडीचं दार लावलं.